बाटलीतला कापूस

चिम्वाला, सलिमा
९ मार्च २०१४

तीर्थरूप दादास,
धाकट्या एनेलेसीचा शि. सा. न. वि. वि.

बातमी आधी सांगते, रागवायचं ते नंतर रागव. बुधवारी मुलगी झाली. दवाखान्यातच झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप आहोत. नाव मतिसुंगे ठेवलंय. 'आम्हाला सांभाळ' असं नाव का ठेवलं, ते तुला वेगळं सांगायला नको. आपल्या रीतीने मामा म्हणजे मुलीचा पहिला पालक, तेव्हा आतापासून जरा गंभीर हो. फोन केला असता, पण गावातले सगळे फोन एकाच दुकानात चार्ज होतात आणि तिथे बोललेलं साबण घ्यायला आलेल्या बायांनाही ऐकू जातं. माझ्या आजाराचं बोलायला कागदच बरा.

जन्मल्याबरोबर बाळाला औषधाचे थेंब पाजले. सिस्टर चिकोपांनी मला पुन्हा बजावलं, की रोज झोपताना गोळी घेतलीस तर रक्तातला विषाणू दबून राहील आणि दुधातून बाळाकडे जाणार नाही. तेव्हा दूध खुशाल पाज, पण गोळी चुकवू नकोस. सहा आठवड्यांनी टाचेचं थेंबभर रक्त कागदावर घेऊन तपासायला पाठवणार आहेत. तोवर माझा जीव टांगणीला. गोळीने पडणारी स्वप्नं अजून तशीच आहेत. काल तर तळं चालत अंगणात आलं आणि आजी त्यात उभी राहून मासे तळत होती. सिस्टर म्हणतात, ती या गोळीचीच तऱ्हा आहे, घाबरायचं नाही.

पाचव्या महिन्यात माझ्या रक्तात एचआयव्ही निघाला, तेव्हा तू लिहिलं होतंस की लग्नात तुझ्या बाजूचा जामीन मी आहे, जावयाशी, लाझारोशी, मी बोलतो. तू बोललास म्हणून आज मी उजळ माथ्याने या घरात आहे. ह्यांनी स्वतः सलिमा शहरात जाऊन रक्त तपासलं, त्यांचं स्वच्छ निघालं. म्हणजे दोष माझाच. लग्नाआधी त्या मास्तराशी माझं जे काही होतं ते तुला माहीत आहे, तिथूनच आलं असणार. तरी ह्यांनी एका शब्दाने मला दुखवलं नाही. दुसरा असता तर सायकलला चटई बांधून आपल्या आईच्या गावी निघून गेला असता. हे मात्र आता दर महिन्याला माझ्या गोळ्या आणायला स्वतः जाणार आहेत, कारण ओल्या अंगाने मला एवढं चालवणार नाही. दवाखान्यात घरच्या माणसाच्या हाती गोळ्या देतात.

तुझ्या पायांची सावली या लेकीवर लवकर पडावी, एवढंच मागणं.

तुझी,
एनेलेसी


ब्लांटायर
२ एप्रिल २०१४

चि. सौ. एनेलेसीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र आलं त्या दिवशी बेकरीत मी सगळ्यांना एकेक गोड पाव फुकट वाटला आणि मालकाने त्याचे पैसे माझ्या पगारातून कापले. मामा होणं इतकं महाग असतं हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. भाची माझ्यासारखी दिसते का? कपाळ माझं असेल तर वाईट वाटून घेऊ नकोस, अक्कलही माझीच येईल.

जावईबापूंचं ऐकून छाती फुगली. तुमच्या लग्नात दोन्हीकडच्या जामिनांनी कोंबडा-कोंबडीची अदलाबदल केली, तेव्हा त्यांचा कोंबडा हातात घेऊन मी सगळ्या गावासमोर म्हणालो होतो, की हा माणूस मी पारखून घेतलाय. आपले मामा तेव्हा कुजबुजले होते, की नाटकात काम करणाऱ्याला कसला पारखतोस! आता मामांना हे पत्र वाचून दाखवणार आहे.

परवा जावईबापूंचा फोन आला होता. काय बोलणं झालं ते सांगणार नाही, तसं वचन दिलंय. तुमच्याकडच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर दर महिन्याला एक पुडकं पाठवतोय, ते तुला त्यांच्याच हातून मिळेल. कुणाचं, कशाला, हे उकरून विचारत बसू नकोस. नवऱ्याचा मान राहिला की घराचा राहतो.

बाळाच्या तपासणीचं कळव. मीही इथे जीव मुठीत धरून बसलोय, थट्टेवर जाऊ नकोस.

आशीर्वाद तर आहेतच, वर एक पापा भाचीला.

दादा


चिम्वाला
२२ जून २०१४

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

दादा, स्वच्छ! मतिसुंगेचं रक्त स्वच्छ आलं! सिस्टर चिकोपांनी निकाल सांगितला तेव्हा मी बाकावरच्या अनोळखी बाईच्या गळ्यात पडून रडले. अजून पुढची परीक्षा आहे. अंगावरचं दूध सुटेपर्यंत धोका संपत नाही, मधे आणि शेवटी पुन्हा तपासायचं. पण अर्धी वाट तर चाललो.

तू पाठवलेली साखर मिळते. मी काही उकरून विचारलं नाही, पण हे स्वतःच म्हणाले की दादाकडून आली. पेजेत घालून खाते. मामाची साखर म्हणून मतिसुंगेलाही एकदा बोटाने चाटवली.

ह्यांचं कौतुक गावात मावेना. आमच्याकडे बाया गोळ्यांच्या बाटलीत कापूस कोंबतात, म्हणजे चालताना खुळखुळत नाही आणि बाजारातल्या लोकांना कळत नाही. हे मात्र माझी बाटली हातात घेऊन, मुद्दाम खुळखुळ वाजवत, सायकलवरून भर बाजारातून येतात. कुणी विचारलं की मोठ्याने सांगतात, बायकोचं औषध आहे, लाज कसली! चर्चमधल्या बाया आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारतात, की जरा लाझारोकडे बघा. बाटलीचं झाकण घट्ट असतं, तेसुद्धा हेच उघडून देतात.

त्यांची नाटकमंडळी हल्ली फार मागणीत आहे. गाडीवर उभं राहून ढोल वाजवत सांगतात, की एका ताटात जेवून, हातात हात घेऊन, डास चावून एचआयव्ही होत नाही. होतो तो दूषित रक्तातून, दुसऱ्याच्या सुईतून, निरोध न वापरता ठेवलेल्या संबंधातून आणि औषध नसेल तर आईकडून बाळाला. मग छातीवर हात ठेवून विचारतात, पुरुषांनो, तुमच्यातला कोण उद्या रक्त तपासायला येतो? लोक टाळ्यांचा कडकडाट करतात. मीही करते.

एक गंमत सांगते. माझी स्वप्नं थांबली. सवय झाली असेल अंगाला. आणि आता ह्यांना पडायला लागलीत! परवा सकाळी पेज पिताना सांगत होते, की तळ्यावरून सायकल चालवत होतो आणि मासे घंटी वाजवून वाट मागत होते. उठल्यावर डोकं गरगरतं म्हणतात, एकदा तर ढोलासकट गाडीवरून खाली आले. मी चिडवते, की माझी स्वप्नं चोरलीत की काय! नवरा-बायकोचं एक मन म्हणतात ते हेच बहुतेक.

तुझी माया अशीच गोड राहो, साखर संपली तरी.

तुझी,
एनेलेसी


ब्लांटायर
१७ ऑगस्ट २०१४

चि. सौ. एनेलेसीस,
अनेक आशीर्वाद.

निकाल वाचून तुझी वहिनी चुलीपाशीच नाचली. तिलाही पाचवा महिना आहे, आताच सांगतोय. तिचं रक्त तपासलं, स्वच्छ आहे. म्हणजे माझंही स्वच्छ, एकाच्या खर्चात दोघांचं काम झालं.

आता मला एक सांग, साखर कुठली? मी आणि साखर पाठवणार? इथे साखरेचा भाव काय झालाय ते ठाऊक आहे का तुला? जावईबापूंना दिलेलं वचन आज मोडतो, कारण आभार साखरेचे आणि खर्च माझा दुसराच, हे काही मला सोसवेना. मी पाठवतो त्या कॅल्शियमच्या गोळ्या. दूध पाजणाऱ्या बाईची हाडं झिजतात, सिस्टरने सांगितल्या आहेत, पण एनेलेसी भावाकडे मागायला लाजते, असं जावईबापू फोनवर म्हणाले. वर म्हणाले, की मी स्वतः विकत आणल्या असं तिला सांगेन, तेवढा माझा मान राहू द्या. मला ते इतकं भावलं की मी गप्प बसलो. त्यांनी नीट सांगितलं होतं, पांढऱ्या, लांबट, मोठ्या अशाच हव्यात. तुझ्या त्या दुसऱ्या गोळ्याही तशाच दिसतात ना? म्हणून औषधवाल्याने बजावलंय, की दोन्ही वेगळ्या ठेवा, गल्लत होऊ देऊ नका.

तेव्हा नीट घे आणि यापुढे आभार योग्य वस्तूचे मान. स्वप्नांचं वाचून हसून हसून मालकाची बोलणी खाल्ली.

भाचीला मामाचा आशीर्वाद, तुला थोडा जास्त.

दादा


चिम्वाला
७ सप्टेंबर २०१४

दादास,
नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि बाटली चटईवर उपडी केली. पांढऱ्या, लांबट, मोठ्या. काहींवर अक्षरं कोरलेली आहेत, काहींवर नुसती मधे रेघ. अक्षरं असलेल्या निम्म्याही नाहीत. पदरात गोळ्या आणि पाठीशी पोर बांधून मी चालत दवाखाना गाठला. सिस्टर चिकोपांनी रेघेच्या गोळ्या वेगळ्या केल्या आणि म्हणाल्या, या आमच्या नाहीत.

एप्रिलपासून माझ्या गोळ्यांतल्या निम्म्या तो खातो आहे. हो, तो. 'हे' म्हणायला आता जीभ उचलत नाही. भरल्या दिसाव्यात म्हणून वर तुझ्या कॅल्शियमच्या टाकायचा आणि पुडक्याचा संशय नको म्हणून बाजारची साखर तुझी म्हणून द्यायचा. झाकण घट्ट असतं म्हणून उघडून द्यायचा! मी स्वप्नं चोरलीत म्हणून चिडवत होते आणि तो हसत होता. पेजेचा वाडगा हातात धरून हसत होता, दादा.

घरी आल्यावर दोन्ही प्रकारच्या गोळ्या त्याच्यासमोर ठेवल्या. आधी नाही म्हणाला, मग रडला, मग सगळं सांगितलं. त्याला एचआयव्ही आहे हे आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षीच कळलं होतं. सलिमाला तो तपासायला गेलाच नव्हता, बाजारात चहा पिऊन परत आला होता. म्हणजे मास्तराचा काही संबंध नाही. माझ्या रक्तात आला तो याच्याकडून. आणि वर्षभर मी याच्या पायाशी बसत होते, की हा देवमाणूस मला टाकत नाही! मक्याच्या न्सिमाचा मोठा घास त्याच्या ताटात, मासा त्याच्या ताटात. रात्री देवाची क्षमा मागायची मी. तो शेजारी झोपून ऐकायचा.

मी विचारलं, की औषध फुकट मिळतं, आपलं नाव सांगून का घेतलं नाहीस. म्हणाला, गाडीवर उभं राहून सगळ्यांना शिकवणारा माणूस त्या ओळीत दिसला तर लोक काय म्हणतील. बारीक होत चालला होता, खोकला जात नव्हता, मरणाची भीती वाटली. थोड्या तुला, थोड्या मला, दोघंही जगू असं वाटलं, म्हणाला. सिस्टर म्हणतात, अर्धवट औषधाने विषाणू दबत नाही, सोकावतो. दोघांपैकी कुणालाच पुरलं नाही. आणि मधे जी दूध पीत होती तिचं काय, हे त्याने मनात आणलं का? ते त्याला माहीत होतं, दादा. दर शनिवारी ढोल वाजवून तेच तर सांगतो.

मतिसुंगेचं आणि माझं रक्त पुन्हा पाठवलंय. तोवर तिला औषधाचं सरबत सुरू केलं आणि मला पुऱ्या गोळ्या. दूध एकदम तोडू नकोस म्हणाल्या, वरच्या अन्नाने जुलाब होऊन पोर हातची जाईल. तेव्हा पाजते. ती पिते आणि मी मनातल्या मनात माफी मागते. पुरी गोळी घेतली त्या रात्री स्वप्नं परत आली.

तुझ्यावर रागावू की नको ते अजून ठरत नाही. तूही फसलास हे कळतं. पण तो माणूस पारखून घेतला होतास तू. आणि वहिनीचं स्वच्छ म्हणजे तुझं स्वच्छ असं होत नाही, एकाला असून दुसऱ्याला नसतो असं कितीदा घडतं. माझ्या नवऱ्यानेही न तपासताच आपलं रक्त स्वच्छ ठरवलं होतं. आधी जाऊन तपासून ये, वहिनीच्या पोटात बाळ आहे.

एनेलेसी


ब्लांटायर
२८ सप्टेंबर २०१४

चि. एनेलेसीस,
आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही, तरी देतो.

मी तपासून आलो. स्वच्छ आहे. तुझ्या पत्रानंतर ओळीत उभं राहायला मला काही जड गेलं नाही. जड वाटत होतं ते वेगळंच. त्या गोळ्या मी हौसेने आणायचो, पुडक्यावर सुतळीची गाठ बांधताना ड्रायव्हरला सांगायचो, की बहिणीसाठी आहे, जपून ने. माझ्याच हातून त्याने तुझा केसाने गळा कापला.

तरी जामीन म्हणून एक लिहितो, रागावू नकोस. लाझारोचा फोन आला होता. लहान पोरासारखा रडत होता. भीतीने माणसाची बुद्धी फिरते. त्याच्या बाजूचे जामीन म्हणाले, की त्याने दारू प्यायली नाही, मारलं नाही, दुसरी बाई आणली नाही, मग घर मोडायचं कशावर? मामाही म्हणतात थोडं थांबा. पोरीचा निकाल स्वच्छ आला तर झालं गेलं विसरता येईल. मी नाताळात येतो, सगळे बसून बोलू. तोवर मन घट्ट कर.

आपल्या घराण्यात आजवर जामिनाचा शब्द मागे घेतला गेला नाही, एवढं लक्षात असू दे.

दादा


चिम्वाला
३० नोव्हेंबर २०१४

तीर्थरूप दादास,
एनेलेसीचा नमस्कार.

मतिसुंगेच्या रक्तात निघाला.

हे वाक्य लिहून मी कागद बाजूला ठेवला होता. आज पुन्हा घेतला. सिस्टर चिकोपा म्हणतात, लवकर कळलं, लगेच औषध सुरू केलंय, रोज दिलं तर ती शाळेत जाईल, मोठी होईल, म्हातारी होईल. त्यांच्यावर माझा विश्वास आहे. पण ते औषध कडू जहर आहे. आधी दोनदा तिने थुंकलं. मग मी पेजेत साखर कालवायला लागले, वरचे दोन घास गोड आणि तिसऱ्यात औषध. तिसऱ्या घासालाही ती तसंच तोंड उघडते, माझ्याकडे बघून हसत. आणि मग ज्या नजरेने माझ्याकडे बघते, दादा, ती मला ओळखीची आहे. आरशात पाहिली आहे मी. घरात फसवायला शिकले मीही, फक्त तिने जगावं म्हणून.

तू मन घट्ट कर म्हणाला होतास, म्हणून त्याला संधी दिली. तो काय म्हणाला ऐक. म्हणे, मी आपली सगळी गोष्ट नाटकात सांगतो, गाडीवर उभा राहून सगळ्यांसमोर गुन्हा कबूल करतो, लोकांचे डोळे उघडतील. नाटकमंडळींच्या साहेबांनाही ती कल्पना आवडली आहे. तालीमसुद्धा केली, माझं काम करायला एक मुलगी शोधली. छातीवर हात ठेवून रडतो आणि बघणारे डोळे पुसतात. माझ्या लेकीच्या रक्ताच्याही त्याला टाळ्या हव्यात!

मी म्हटलं, मला नाटक नको. येत्या गुरुवारी दिवसाउजेडी दवाखान्याच्या ओळीत उभा राहा, आपलं नाव सांग, आपली बाटली घे आणि जशी माझी वाजवत आणायचास तशीच बाजारातून वाजवत घरी ये. तेवढं केलंस तर दादाला लिहीन, की नाताळात बसून बोलू. मनातून मला वाटत होतं, दादा, की त्याने ते करावं. वर्षभर त्याला देव मानलं होतं, ते एकदम कुठे जातं?

गुरुवारी तो गेला. ओळीत उभा राहिला, नाव सांगितलं, बाटली घेतली. सिस्टरने पहिली गोळी समोर घ्यायला लावली. हे सगळं बायांनी मला येऊन सांगितलं, आनंदाने सांगितलं. मी पोरीला कडेवर घेऊन बाजाराच्या तोंडाशी, मंदासीचे गोड वडे तळणाऱ्या बाईच्या बाकावर बसले होते. तो सायकलवरून आला. हँडलला पिशवी होती, पिशवीत बाटली दिसत होती. रस्त्यावर खड्डे केवढे आहेत तुला ठाऊक आहे, सायकल प्रत्येक खड्ड्यात आदळत होती. मी कान देऊन बसले होते. बाटली वाजली नाही.

घरी येऊन मी तिचं झाकण उघडलं. माझ्याच उशीतला कापूस होता, काठापर्यंत गच्च कोंबलेला.

औषध तो घेतोय, ते बरंच आहे. मरू नये तो, पोरीचा बाप आहे. सलिमाच्या दवाखान्यातही हीच गोळी मिळते, त्याच्या आईच्या गावाहून ती वाट जवळची आहे. घर माझं, जमीन आपल्या आईची, तेव्हा जायचं त्याने. चटई मी गुंडाळून दाराशी ठेवली आहे. सायकल त्याचीच आहे आणि ढोलही.

त्याच्या बाजूचे जामीन विचारतील, की मोडायचं कशावर. त्यांना सांग, मारलं असतं तर वळ दाखवता आला असता. हा वळ सिस्टर चिकोपांच्या कागदावर आहे. आणि घराण्यात शब्द मागे घेत नाहीत हे तू मला लिहू नकोस. लग्नात घेतलेला कोंबडा परत करायची आपल्यात रीत नाही, मला ठाऊक आहे. तो कोंबडा कधीच कापून खाल्ला, तेही ठाऊक आहे. दुसरा घे, तसाच लाल, तसाच मोठा. सगळ्या गावासमोर हातात घेतला होतास, सगळ्या गावासमोरच त्यांच्या हातात ठेव, आणि मोठ्याने सांग की हा माणूस मी पारखला नव्हता.

आजवर प्रत्येक पत्राच्या शेवटी तुझी माया मागत आले. या वेळी नाताळची वाट न पाहता पहिल्या बसने निघावं आणि कोंबडा आणावा, ही विनंती.

तुझी,
एनेलेसी